साडेपाच फुटांवरून दिसणारा दवाखाना

कुठल्याही जुन्या देवळात जा आणि मान वर करा. पंख्याच्या पात्यांवर नाव लिहिलेलं असतं, 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ'. पंखा फिरायला लागला की नाव दिसेनासं होतं. यावर विनोद पुष्कळ झालेत, पण मला त्यातली दुसरीच गोष्ट जास्त विचार करण्यासारखी वाटते. पंखा देणारे भरपूर सापडतात. त्या पंख्याचं विजेचं बिल दर महिन्याला मी भरतो, असं म्हणणारा सहसा सापडत नाही.

देणाऱ्याला काहीतरी दिसावं लागतं. देणारा दूर राहत असेल तर आणखीच. जो रोज देवळात येतो त्याला बिलाची अडचण आपोआप कळते. जो वर्षातून एकदा, गणपतीला येतो, त्याला पंखा दाखवावा लागतो.

हे सगळं डोक्यात यायचं कारण वेगळं आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. शनिवार-रविवारी स्केचअप आणि ब्लेंडरमध्ये थ्रीडी मॉडेलं बनवतो. गेल्या दोन वर्षांत त्यातलं बरंचसं काम रत्नागिरी जिल्ह्यातल्या माझ्या आजोळच्या गावात होऊ घातलेल्या एका छोट्या दवाखान्यासाठी झालं. चिऱ्याच्या दोन खोल्या, चार खाटा, आठवड्यातून दोन दिवस डॉक्टर आणि रोज एक नर्स, एवढाच तो दवाखाना. पैसे देणारे मात्र मुंबईत, पुण्यात, आखातात आणि एक-दोघे अमेरिकेत. त्यांना गावाशी जोडून ठेवायचं साधन म्हणजे माझं मॉडेल. ते बनवताना एक प्रश्न सतत मागे लागला, आणि तो सॉफ्टवेअरचा नव्हता. दूरच्या माणसाला मदतीसाठी गुंतवायचं, तर त्याला काय दाखवावं? आणि एकदा दाखवलं की त्याचा त्या जागेवर हक्क किती?

तळं, आकडा आणि रोकिया

अंतराचा प्रश्न तत्त्वज्ञानात जुना आहे, पण त्याची आजची मांडणी बरीचशी पीटर सिंगर यांची. 1971 साली पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित भारतात येत होते, तेव्हा त्यांनी एक निबंध लिहिला. तो 1972 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातलं उदाहरण साधं आहे. तुम्ही एका उथळ तळ्याजवळून चालला आहात आणि एक मूल बुडताना दिसतं. कपडे चिखलाने खराब होतील म्हणून तुम्ही थांबाल का? नाही. मग तेच मूल दहा यार्डांऐवजी दहा हजार मैलांवर असेल, तर तुमची जबाबदारी कमी का व्हावी? सिंगर म्हणतात, होऊ नये. अंतर ही भूगोलाची गोष्ट आहे, नीतीची नाही.

युक्तिवाद म्हणून याला उत्तर देणं कठीण आहे. पण माणसाचं मन युक्तिवादावर चालत नाही, आणि याचा पुरावाही आहे. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक यांनी 2007 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सहभागी लोकांना पाच डॉलर दिले आणि त्यातले हवे तेवढे मदतीसाठी द्यायला सांगितलं. काहींना आफ्रिकेतल्या भुकेची आकडेवारी दाखवली. त्यांनी सरासरी 1.14 डॉलर दिले. काहींना रोकिया नावाच्या माली देशातल्या सात वर्षांच्या मुलीचा फोटो आणि गोष्ट दाखवली. त्यांनी 2.38 डॉलर दिले. तिसऱ्या गटाला रोकियाही दाखवली आणि आकडेवारीही. त्यांचा आकडा 1.43 वर आला. म्हणजे एका मुलीमागे तिच्यासारख्या लाखो आहेत हे कळल्यावर तिला मिळणारी मदत वाढली नाही, उलट घटली.

मदत मागणाऱ्या संस्थांना ही गोष्ट प्रयोगाआधीपासून माहीत आहे. म्हणूनच जाहिरातीत मोठे डोळे, शेंबडं नाक आणि माशा बसलेला चेहरा असतो. 2015 मध्ये याची पुढची पायरी आली. जॉर्डनमधल्या झातारी छावणीत राहणाऱ्या बारा वर्षांच्या सिद्रा या सीरियन मुलीवर संयुक्त राष्ट्रांसाठी 'क्लाउड्स ओव्हर सिद्रा' हा 360 अंशांचा व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी चित्रपट बनला. हेडसेट डोळ्यांवर चढवला की तुम्ही तिच्या तंबूत, तिच्या कुटुंबासमोर बसलेले असता. चित्रपटाचा एक दिग्दर्शक ख्रिस मिल्क याने टेडच्या भाषणात या तंत्राला सहानुभूतीचं अंतिम यंत्र म्हटलं.

मला ते वाक्य खटकतं. चित्रपट वाईट आहे असं नाही. पण सिद्राच्या तंबूत मी बसतो आणि सिद्रा माझ्या फ्लॅटमध्ये बसत नाही. मी हेडसेट काढू शकतो. तिच्याकडे काढायला काही नाही. दूरच्या माणसाला जवळ आणण्याचं हे तंत्र एकाच बाजूने चालतं. ज्याच्या घरात आपण शिरतो त्याने दार उघडलं होतं का, हा प्रश्न हेडसेटवर दिसत नाही.

इमारतीला डोळे नसतात

इथे थ्रीडी मॉडेलचा एक मोठा गुण सांगायला हवा. त्यात रडणारं मूल नसतं. भिंती असतात, दारं असतात, उतार असतो, पाण्याची टाकी असते. ते पाहणाऱ्याला कीव करायला लावत नाही, विचार करायला लावतं. कीव आली की माणूस पैसे पाठवतो आणि मोकळा होतो. विचार सुरू झाला की तो प्रश्न विचारतो.

स्केचअप हे सॉफ्टवेअर याच कारणाने माझं आवडतं आहे. 2006 मध्ये गुगलने ते विकत घेतलं आणि 2012 मध्ये ट्रिम्बल कंपनीला विकलं. मधल्या काळात त्याची फुकट आवृत्ती जगभर पसरली. आर्किटेक्चर न शिकलेला माणूसही त्यात तासाभरात घर उभं करू शकतो. ब्लूप्रिंट वाचता यायला शिक्षण लागतं. फोनवर बोटाने फिरवता येणारं मॉडेल माझ्या आजीलाही वाचता येतं.

आमच्या गावाचं मंडळ मुंबईत आहे, तसं कोकणातल्या बहुतेक गावांचं असतं. चाकरमानी वर्गणी काढतात, त्यातून देवळाचा जीर्णोद्धार होतो, शाळेला बाकं येतात, स्मशानाला शेड येते. दूरच्या आधाराची ही परंपरा क्राउडफंडिंग या शब्दापेक्षा कितीतरी जुनी आहे. तिची अडचणही जुनीच. पैसे देणारा मुंबईत, काम गावात, आणि मध्ये फक्त 'काम चालू आहे' हा निरोप.

मी दवाखान्याचं मॉडेल मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं तेव्हा पहिले दोन दिवस चर्चा रंगावर झाली. मग कमानीवर झाली. कमान हवीच, आणि तिच्यावर मंडळाचं नाव हवं, असा सूर निघाला. तिसऱ्या दिवशी बेस्टमध्ये आयुष्यभर बस चालवलेल्या एका काकांचा व्हॉइस मेसेज आला. "बाळा, तुझं फाटक जिथे आहे ना, तिथे रुग्णवाहिका वळणार नाही. मी सांगतो. खालून चढ चढून येणारी गाडी तिथे पुढे जाऊ शकते, मागे येऊ शकत नाही. फाटक वरच्या अंगाला घे, आंब्यापाशी."

काका पस्तीस वर्षांत गावात सलग महिनाभर राहिले नसतील. पण तो चढ त्यांच्या पायांना आठवत होता आणि गाडी वळवण्याचं गणित त्यांच्या हातांत होतं. दूरवरच्या माणसाकडे पैशाशिवाय आणखी काय असू शकतं, हे मला त्या मेसेजमुळे कळलं. देणगीची पावती त्यांना हे बोलायची संधी कधीच देऊ शकली नसती. फाटक आता आंब्यापाशी आहे.

उभा माणूस, आडवा माणूस

स्केचअपमध्ये नवी फाइल उघडली की रिकाम्या जागेत एक माणूस उभा असतो. माप कळावं म्हणून त्याला तिथे ठेवलेलं असतं. दार त्याच्यापेक्षा किती उंच, खिडकी त्याच्या कुठपर्यंत, हे डोळ्यांना लगेच समजतं. इमारतीत 'चालून' पाहायचं तर कॅमेरा साधारण साडेपाच फुटांवर असतो. उभ्या, निरोगी, डोळस माणसाच्या नजरेची ही उंची आहे.

दवाखान्यात अशा उंचीवरून बघणारे कोण असतात? डॉक्टर, नर्स, पाहुणे आणि देणगीदार. ज्याच्यासाठी दवाखाना बांधलाय तो आडवा असतो.

गावात गेलो तेव्हा मी तेच मॉडेल तिथे अनेक वर्षं काम केलेल्या सिस्टरांना फोनवर दाखवलं. त्यांनी ते बोटाने सगळीकडून फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, "छान केलंयस रे. पण यात सगळे उभेच कसे? आणि सासू कुठे बसणार?"

"कोणाची सासू?"

"कोणाचीही. पोटुशी बाई तपासायला एकटी येते होय? सासू येते, जाऊ येते, तिचं लहान पोर येतं. म्हातारा आणला तर चार माणसं उचलून आणतात. ती पावसात उभी राहणार? आणि गरम पाणी कुठे करणार ते पण दाखव."

ब्लूप्रिंट दाखवली असती तर त्या 'बरं आहे' म्हणाल्या असत्या. मॉडेलशी त्यांना भांडता आलं. माझ्या मते मॉडेलची सगळी नैतिक किंमत इथे आहे. ते ज्यांच्याविषयी आहे, त्यांना त्याच्याशी भांडता येतं का? येत असेल तर ते संवादाचं साधन आहे. नसेल तर ती जाहिरात आहे, कितीही चांगल्या कामासाठी असली तरी.

आडव्या माणसाचा विचार करणारे लोक पूर्वीही होते. फिनलंडमधलं पायमिओचं क्षयरोग रुग्णालय 1933 मध्ये पूर्ण झालं. त्याचा वास्तुकार आल्वार आल्टो याने खोल्या पलंगावरच्या रुग्णाच्या बाजूने आखल्या. दिवसभर छताकडेच पाहायचं असेल, म्हणून छताला डोळ्यांना शांत वाटेल असा गडद रंग. दिवा डोळ्यांत येणार नाही अशा जागी. हात धुण्याचं भांडंही असं, की पाणी पडल्याचा आवाज शेजारच्या रुग्णाला होऊ नये. रवांडातल्या बुरेरा जिल्ह्यात 2011 मध्ये उघडलेल्या बुटारो रुग्णालयात तर पलंगच वॉर्डाच्या मधोमध आणले, म्हणजे झोपलेल्या माणसाचं तोंड खिडकीकडे राहतं. क्षयाचे जंतू बंद हवेत पसरतात म्हणून आतले बोळ काढून लोक बाहेरच्या मोकळ्या पडवीत थांबतील अशी रचना केली. मास डिझाइन ग्रुप आणि पार्टनर्स इन हेल्थ या अमेरिकेतून सुरू झालेल्या संस्थांनी रवांडा सरकारबरोबर केलेलं हे काम आहे. म्हणजे दूरचा आधार चांगलं काम करू शकतो. फक्त त्याला आपल्या डोळ्यांची उंची सोडून विचार करावा लागतो.

यासाठी रवांडापर्यंत जायची गरजही नाही. गडचिरोलीत 1986 मध्ये 'सर्च' सुरू करणाऱ्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी दवाखाना बांधण्याआधी आदिवासींना विचारलं की तुम्हाला तो कसा हवा. लोकांनी सांगितलं की मोठ्या इमारतीत जायची भीती वाटते. नातेवाइकांना बरोबर राहू देत नाहीत. पांढरे कपडे तर आम्ही मेलेल्या माणसावर घालतो. मग दवाखाना गावासारखा झाला. झोपड्यांच्या धर्तीवरची बांधणी, नातेवाइकांना राहायला जागा, आणि नाव माँ दंतेश्वरी या देवीचं. तिथे कुठलंही थ्रीडी सॉफ्टवेअर नव्हतं. विचारणं होतं, आणि उत्तर आल्यावर स्वतःचा नकाशा बदलायची तयारी होती.

सिस्टरांच्या म्हणण्यावरून मी पुढच्या बाजूला पडवी काढली. चुलीची जागा आणि मोरी दाखवली. कॅमेराही अडीच फुटांवर आणून ठेवला. त्या उंचीवरून आमचा दवाखाना म्हणजे मुख्यतः छत, पंखा आणि खिडकीची वरची चौकट. ग्रुपवर हा दुसरा व्हिडिओ टाकला तेव्हा एकाने विचारलं, "हे काय, व्हिडिओ चुकून आडवा झालाय का?" मी लिहिलं, "पेशंट आडवा झालाय." त्यावर बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग मस्कतहून एकाने लिहिलं, "मग त्या खिडकीची चौकट खाली घ्या ना."

मॉडेलमध्ये न येणारी माणसं

इथपर्यंत सगळं ठीक वाटतं. खरी अडचण पुढे आहे.

महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्यातलं जे काम जगाने पाहिलं, ते बहुतेक इमारतीत झालेलंच नाही. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केलं. त्याचा कणा होता गावातल्या बायका, त्यातल्या बऱ्याच निरक्षर. त्यांना प्रशिक्षण देऊन गावाच्या आरोग्यसेविका केलं. 'सर्च'ने नवजात बाळांची घरोघरी जाऊन काळजी घेण्याचा प्रयोग 39 गावांत केला. 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी कमी झाला. पुढे हीच पद्धत आशा सेविकांमार्फत देशभर नेण्यात आली.

आता मला सांगा, याचं थ्रीडी मॉडेल कसं बनवायचं?

एक बाई खांद्याला पिशवी अडकवून चालत जाते. ओट्यावर बसते. बाळाचं वजन करते, ताप पाहते, आईला दूध कसं पाजायचं ते सांगते, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा येते. तिच्या पिशवीतल्या वस्तूंचं मॉडेल करता येईल. गडचिरोलीत श्वास मोजायला एक साधन वापरलं जायचं. त्यात वाळूचं एक मिनिटाचं घड्याळ आणि सरकते मणी होते, म्हणजे आकडे न येणाऱ्या बाईलाही बाळाला न्यूमोनिया आहे का ते ओळखता यावं. ते मी अर्ध्या तासात ब्लेंडरमध्ये बनवू शकतो. पण ते मणी सरकवणाऱ्या बाईवर त्या आईचा विश्वास का बसला, हे कुठल्याही मेशमध्ये येणार नाही. आणि बाळं वाचली ती त्या विश्वासामुळे.

दिसणाऱ्या गोष्टीला पैसे मिळतात आणि न दिसणारीला मिळत नाहीत, हे पंख्यापासून चालत आलं आहे. थ्रीडी मॉडेल दिसणारी गोष्ट आणखी सुंदर करतं. म्हणजे ते तराजू आणखी एका बाजूला झुकवतं. आमच्या ग्रुपवर बघा. इमारतीसाठी ठरलेली रक्कम चार महिन्यांत जमली. नर्सचा पगार कुठून द्यायचा, हा विषय निघाला की ग्रुपवर सुविचार येऊ लागतात. आज बारा महिन्यांच्या पगाराची सोय आहे. तेराव्याची नाही.

हे फक्त आमच्या गावाचं दुखणं नाही. हजार लोकसंख्येमागे एक आशा, डोंगराळ भागात तीन हजारांमागे एक उपकेंद्र, असे सरकारी निकष आहेत. उपकेंद्राची इमारत दिसते, तिचं उद्घाटन होतं, फीत कापली जाते. आशा सेविकेला मात्र मोबदल्यासाठी या राज्यात पुन्हा पुन्हा संपावर जावं लागलं आहे. माणसाच्या कामाला पैसे देण्यापेक्षा भिंतीला पैसे देणं आपल्याला सोपं का वाटतं? मला वाटतं याचं एक उत्तर असं, की भिंत एकदा दिली की आपण मोकळे होतो. पगार दिला की नातं सुरू होतं. नात्याला पुढचा महिना असतो.

म्हणून मी एक साधा बदल केला. मॉडेलमध्ये एक टाइमलाइन जोडली. बोटाने पुढे सरकवली की महिने पुढे जातात. बाराव्या महिन्यापर्यंत सगळं जसंच्या तसं असतं. तेराव्याला खुर्चीतली नर्स गायब होते, दाराला कडी लागते आणि खाटा रिकाम्या होतात. इमारत तशीच उभी असते, रंग ताजा, कमान झळकत असलेली.

यावर ग्रुपमध्ये दोघे रागावले. "देणगीदारांना घाबरवतोस का?" असं एकाने विचारलं. प्रश्न योग्य होता. घाबरवणं आणि खरं दाखवणं यांत फरक काय? माझं उत्तर असं आहे की मी कोणाचं दुःख दाखवलेलं नाही. मी आपलंच वेळापत्रक दाखवलं आहे. रोकियाच्या फोटोने पाहणाऱ्याला रोकियाविषयी वाईट वाटतं. रिकाम्या खुर्चीने त्याला स्वतःच्या वर्गणीविषयी प्रश्न पडतो. दुसऱ्या प्रकारची अस्वस्थता मला रास्त वाटते.

रुग्णाला रेरा नाही

रेंडरमध्ये नेहमी सकाळचे दहा वाजलेले असतात. ऊन स्वच्छ, झाडं हिरवी, सावल्या लांब. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण रेंडरमध्ये तो कधी पडत नाही. हिंजवडीच्या फ्लॅटचं ब्रोशर ज्याने पाहिलंय त्याला हे वेगळं सांगायला नको. फरक इतकाच, की फ्लॅट घेणाऱ्याच्या बाजूने कायदा आहे. 2016 च्या रेरा कायद्यात खोट्या जाहिरातीवर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाला भरपाई मागता येते. दवाखान्याचं देखणं रेंडर पाहून पैसे आले आणि जुलैत छत गळलं, तर देणगीदाराची फसवणूक झाली असं आपण म्हणू. पण ज्याच्या खाटेवर पाणी पडलं तो कुठे दाद मागणार? त्याच्या नावावर पैसे गोळा झाले, आणि करारात तो कुठेच नव्हता.

दुसरा प्रश्न संमतीचा. आजूबाजूचा चढउतार मॉडेलमध्ये यावा म्हणून आम्ही ड्रोनने फोटो काढले. शेकडो फोटो जोडून सॉफ्टवेअर जमिनीचा आकार तयार करतं. पण ड्रोनला फक्त जमीन दिसत नाही. वाडीतल्या बऱ्याच घरांमागे अजून बिनछपराची न्हाणी आहे. वाळत घातलेले कपडे आहेत, परसात बसलेली माणसं आहेत. दवाखान्याला पैसे देणाऱ्या मस्कतच्या माणसाला हे दिसायचं काही कारण नाही. म्हणून आधी घरोघरी सांगितलं, वेळ ठरवून ड्रोन उडवला, आणि मॉडेलमध्ये घरांच्या जागी कोरे ठोकळे ठेवले. ग्रुपवर कोणीतरी म्हणालं की आमचं घर दिसलं असतं तर मजा आली असती. आली असती. पण ती मजा आणि शेजारच्या बाईची आडोशाची गरज यांत निवड करायची वेळ आली, तर ती कठीण नाही.

जवळच्याने आणि दूरच्याने कामं कशी वाटून घ्यावीत याचा एक चांगला नमुना नकाशांच्या जगात आहे. 2014 मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोला पसरला, तेव्हा गिनीतल्या गेकेडू भागात काम करणाऱ्या डॉक्टरांकडे धड नकाशाच नव्हता. जगभरातल्या स्वयंसेवकांनी घरी बसून उपग्रहाच्या चित्रांवरून ओपनस्ट्रीटमॅपवर रस्ते आणि घरं रेखली. त्याच वर्षी 'मिसिंग मॅप्स' हा प्रकल्प सुरू झाला. त्याची पद्धत मला फार आवडते. दूरचा माणूस छपरं आणि वाटा रेखतो. मग तिथलाच माणूस फिरून नावं घालतो. उपग्रहातून छप्पर दिसतं, पण वस्तीला तिथले लोक काय म्हणतात ते दिसत नाही. दूरच्या डोळ्याला जे येतं ते तो करतो, आणि नाव ठेवायचा हक्क तिथल्या जिभेकडे राहतो.

दूरच्या आधाराचा हक्क किती, या सुरुवातीच्या प्रश्नाला माझं उत्तर याच्या जवळपास येतं. ज्याने पैसे दिले त्याला विचारायचा हक्क आहे. हिशेब मागायचा आहे. रुग्णवाहिका वळणार नाही, हे सांगायचा तर आहेच. पण कमान की पडवी, हे ठरवायचा हक्क त्याचा नाही. तो पावसात उभ्या राहणाऱ्या सासूचा आहे. आमच्याकडे हा वाद अजून पूर्ण मिटलेला नाही. पडवी झाली, कमानीचा खर्च 'पुढच्या टप्प्यात' गेला, आणि तेराव्या महिन्यासाठी आठ जणांनी दरमहा थोडी थोडी रक्कम द्यायचं कबूल केलं. पुरेसं नाही. सिंगर म्हणतात तसं अंतराने जबाबदारी कमी होत नाही, हे मला पटतं. पण जबाबदारी तेवढीच असली तरी अधिकार तेवढाच नसतो, एवढी भर मी त्यात घालेन.

तुम्हालाही अशा लिंका येत असतील. फिरवून पाहता येणारी शाळा, चालून पाहता येणारा दवाखाना, खाली क्यूआर कोड. पैसे पाठवा, जरूर पाठवा. त्याआधी दोन गोष्टी विचारा. हे मॉडेल ज्यांच्यासाठी आहे त्यांनी ते पाहिलं का, आणि पाहिल्यावर त्यांनी काय बदलायला लावलं? तिथे काम करणाऱ्या माणसाच्या पगाराची सोय किती महिन्यांची आहे? पहिल्याचं उत्तर 'काहीच बदललं नाही' असं आलं तर बहुधा कोणी विचारलंच नसावं. दुसऱ्याचं उत्तर देताना समोरचा अडखळला तर इमारतीऐवजी त्या महिन्यांसाठी पैसे द्या. तुमचं नाव कुठल्याही भिंतीवर येणार नाही. पण त्या महिन्यांत दाराची कडी उघडी राहील, आणि सिस्टर आत असतील.